मातीचे डोहाळे

आमच्या सासरी मातीचे डोहाळे लागणं ही मिरवायची गोष्ट होती. दुसऱ्या घरच्या सुनांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, फार तर सकाळी सकाळी कचोरी खावीशी वाटते. आमच्या घरच्या सुनांना माती लागते, असं माझ्या सासूबाई चारचौघींत सांगत, आणि सांगताना त्यांची मान जराशी ताठ होई. ऐकणाऱ्या बायका कौतुकाने माना डोलवत. मी नवी होते तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. आता येत नाही.

सासूबाईंना घरात आईसाहेब म्हणायचं. बिर्लानगरमधली गिरणीची दोन खोल्यांची क्वार्टर, मोरीत उभं राहिलं की स्वयंपाकघरातल्या फोडणीचा ठसका बसतो, आणि तिथे आईसाहेब. लग्नानंतर पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मला नाटकात काम केल्यासारखं वाटलं होतं. नवऱ्याचे कोणी खापरपणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. घोडेस्वार होते. त्यांना मुरैनाच्या अंगाला एक गाव जागीर मिळालं. ते पुढे कसं गेलं हे घरातला प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो. कुणी भावकीचं नाव घेतं, कुणी सरकारचं, कुणी दारूचं. माझे सासरे आयुष्यभर कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, काही वर्षांनी ते गेले, आणि मागे क्वार्टर उरली, नावामागचं ‘साहेब’ उरलं आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी पितळेची एक छोटी डबी उरली. त्या डबीत जागिरीची माती होती.

मी लश्करातली, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारपेठेच्या भागातली. वडील बँकेत होते, आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे ‘जेवलीस का’ असं कोणी विचारलं तरी मला भरून यायचं, आणि आईसाहेब ते दिवसातून कितीतरी वेळा विचारत. शाळेतून यायला उशीर झाला तर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहत. माझ्या साड्यांना फॉल त्याच लावत. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी त्यांना कैदाशीण ठरवील आणि मोकळं होईल. त्या कैदाशीण असत्या तर मला फार सोपं गेलं असतं.

मी घराजवळच्याच एका खाजगी शाळेत गणित शिकवते. शाळेच्या फाटकाबाहेर एक चहावाला मातीच्या कुल्हडमध्ये चहा देतो. मला दिवस गेले, पहिले दोन-तीन महिने ओकाऱ्यांत गेले, आणि मग एका दुपारी चहा संपल्यावर माझ्याने कुल्हड टाकवेना. आत चहा मुरलेला होता आणि त्याला पहिल्यांदा शिंपडलेल्या अंगणाचा वास येत होता. मी आजूबाजूला बघितलं आणि कुल्हडचा काठ दाताने तोडला. कुरकुरीत होता. जिभेवर ठेवल्यावर विरघळला, घशाखाली गेला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभी राहून अर्धं कुल्हड संपवलं. बारावीच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवणारी बाई रस्त्यात उभी राहून मडकं खाते आहे, हे माझं मलाच दिसत होतं. तरी उरलेलं अर्धं रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं.

मग ते वाढतच गेलं. माठाच्या बुडाशी ओलसर पापुद्रा धरायचा, तो मी नखाने खरवडून खायला लागले. एक दिवस आईसाहेबांनी पाहिलं. मी चोरासारखी हात पदराला पुसला.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“माती गं. कधीपासून खातेयस?”

मी म्हटलं, “चुकलं, आता नाही खाणार.” त्या माठाशेजारीच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं माझ्या भिकारपणाला रडतायत. पण त्या हसत पण होत्या.

“वेडी आहेस का तू. ही तर खुशीची गोष्ट आहे. मला पण प्रत्येक वेळेला लागले होते. माझ्या सासूबाईंना पण. जमीन बोलावते. तिचा धनी येतोय ना, म्हणून बोलावते. आणि डोहाळे रोकायचे नसतात बाळ, नाही तर मूल लाळ गाळतं.”

प्रत्येक वेळेला म्हणजे किती वेळा, हे विचारायचं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मुलगा तर त्यांना एकच.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत त्या टेम्पोत बसून टोपी बाजारात गेल्या. तिथे जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे, त्याच्याकडे खायची भाजकी माती मिळते, सोंधी मिट्टी म्हणतात. सुपारीच्या खांडांएवढे तुकडे, विटेच्या रंगाचे. मी लश्करात वाढले, त्या गल्लीतून शेकडो वेळा गेले, पण दुकानात बरणी भरून माती विकायला ठेवलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. बरणी भरलेली असते म्हणजे गिऱ्हाईक असणारच, एवढं गणित मला तेव्हा करता आलं असतं. आईसाहेबांनी प्रत्येक तुकड्याचा वास घेऊन निवडून आणली होती. स्टीलच्या डब्यात भरून डबा माझ्या उशाशी ठेवला. “माठ खराब असतो, जंतू असतात. हे साफ आहे,” म्हणाल्या.

सांगायला लाज वाटते असं नाही, पण सांगून कळेल असंही नाही. भूक वेगळी असते. भुकेला पोळी चालते, भात चालतो. मला भाकरीसमोर बसवलं तरी मन त्या डब्यात असायचं. एक तुकडा गालात धरला की सगळं अंग शांत व्हायचं. जेवण हळूहळू कमी झालं. आईसाहेब पोळीला तूप लावून गरम गरम वाढत, मी निम्मी पोळी टाकायची, आणि ती टाकलेली निम्मी पोळी नंतर त्या खायच्या. त्या नेहमी सगळ्यांच्या नंतर जेवत. भाजीच्या पातेल्याच्या तळाला जो रस्सा राहील तो आणि लोणचं. मी एक-दोनदा म्हटलं, आपण बरोबर बसू. “तुम्ही खा. आम्हाला कुठे एवढी भूक लागते,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मला धाप लागायला लागली ती पाचव्या महिन्यात. शाळेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, मधल्या वळणावर कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. फळ्यावर लिहिताना हात खांद्यापासून जड व्हायचा. मी स्टाफरूममध्ये सांगितलं तर एकीने डोळेसुद्धा वर केले नाहीत. “खून की कमी होगी. मेरी भी है,” ती म्हणाली. दुसरी म्हणाली, “मुझे तो दोनों बच्चों में थी.” तिसरीला लग्नाच्या आधीपासून होती. चौथीने विषय बदलून दाल बाजारात डाळी कुठे चांगल्या मिळतात ते काढलं. आमच्याकडे याला आजार म्हणत नाहीत, कमजोरी म्हणतात. कमजोरी बाईला असतेच. तिला चष्म्याचा नंबर असावा तशी.

मी मुलांना सरासरी शिकवते. सगळ्यांनाच कमी मार्क पडले तर कमी मार्कांचीच सरासरी येते, आणि मग प्रत्येकजण आपण ठीक आहोत असं समजतो, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. पण स्वतःच्या अंगाबाबत मी त्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावरची निघाले.

दवाखान्यात गेलेच नाही असं नाही. भागातल्या डिस्पेन्सरीत नाव घातलं होतं. रांगेत पोट पुढे घेऊन उभ्या असलेल्या बायका, सगळ्यांचे चेहरे एकाच पाण्यात धुतलेल्या कपड्यांसारखे फिके, आणि मी त्यांच्यात वेगळी दिसत नव्हते. नर्सने बोट टोचलं, बघितलं. “थोड़ा कम है,” म्हणाली. मी विचारलं, थोडं म्हणजे किती. “सबका कम है. गोली खाओ, गुड़-चना खाओ.” तिच्या मागे भली मोठी रांग होती आणि तिचा स्वतःचा चेहरा काही फारसा लाल नव्हता. तिने काही वाईट केलं नाही. माती खातेस का, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. डोहाळे काय दवाखान्यात सांगायची गोष्ट असते?

गोळ्या मी घेतल्या. आईसाहेब स्वतः हातावर ठेवत. इतकी कडक गोळी नुसत्या पाण्याबरोबर कशी द्यायची म्हणून केशर घातलेलं दूध करत, पेलाभर, आणि मी ती दुधाबरोबर गिळायची. दुधाने गोळी वाया जाते हे मला पुढे हॉस्पिटलात कळलं. मग माझं पोट बांधल्यासारखं व्हायला लागलं, तोंडाला सळईची चव यायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, “गरम पडतात गं. एक दिवस सोडून घे.” एक दिवस सोडून घेता घेता गोळी कधी आठवायची, कधी नाही. माती मात्र कधी विसरली गेली नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरली. क्वार्टरसमोरच्या मोकळ्या जागेत कनात लावली, लश्करातून नातेवाईक आले, गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणी ढोलक घेऊन आल्या, आणि मराठी ओव्या नि त्यांची गाणी एकमेकांत मिसळून गेली. हिरवी साडी, फुलांचे दागिने. पाय इतके सुजले होते की जोडवी घालता आली नाहीत, नवऱ्याच्या मावशीने ती पदराच्या टोकाला बांधून दिली. सगळ्या म्हणत होत्या, काय रंग उजळलाय हिचा. खरंच उजळला होता. आरशात मला माझे ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं.

मग आईसाहेबांनी देव्हाऱ्यातली डबी आणली. आमच्या घरची रीत अशी की ओटीच्या दिवशी सुनेच्या जिभेवर जागिरीची चिमूटभर माती ठेवायची. पणजीसासूच्या आधीपासून चालत आलेली. त्यांनी चिमूट घेतली, डोळे भरले होते. मी जीभ बाहेर काढली. कधीकाळी हरवलेल्या एका गावाची माती, जुनी, कोरडी, तिला कसलाच वास नव्हता. मला मनातून वाटलं, टोपी बाजारची बरी. आणि मला हसू आलं, आणि औक्षण करायला त्यांनी तबक उचललं तेव्हा निरांजनाची एक ज्योत मला कितीतरी दिसायला लागली आणि मग एकही दिसेना.

शुद्धीवर आले तेव्हा बायका म्हणत होत्या, दृष्ट लागली. एवढी सुंदर दिसत होती, लागणारच. आईसाहेबांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या, ठसका लागला नाही, म्हणजे नक्कीच लागली होती. मला मात्र आडवं पडलं की श्वास पुरत नव्हता. बसले तर जरा पुरायचा. नवरा इतका वेळ पुरुषांच्या घोळक्यात होता, तो आत आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आई, हे ठीक नाही दिसत आहे मला. इसको बड़े अस्पताल ले चलते हैं.” सकाळी ऑटो करून आम्ही तिघं निघालो. आईसाहेबांनी सोबत पाण्याची बाटली, चादर आणि तो स्टीलचा डबा घेतला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून लहानच. त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. मग नखं बघितली, जीभ बघितली. आणि नाव विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं, “मिट्टी खाती हो?”

मी नाही म्हटलं. शिक्षक आहे, असंही सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता.

मागून आईसाहेब म्हणाल्या, “हाँ जी, खाती है. हमारे यहाँ सबको लगती है.” त्यांच्या आवाजात तीच ती ताठ मान होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. “अम्मा,” म्हणाल्या, “ख़ून कम होता है तभी मिट्टी माँगता है शरीर. और मिट्टी जाकर बचा-खुचा लोहा भी पकड़ लेती है. सबको लगती है तो मतलब सबमें कम है.” मग कागदावर काही लिहीत मला म्हणाल्या, “हीमोग्लोबिन ग्यारह होना चाहिए. तुम्हारा उसका आधा भी नहीं है. तुम चलकर कैसे आईं?”

मला दाखल करून घेतलं. त्या वॉर्डातला राऊंड मी आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टरीणबाई एकेका खाटेशी थांबायच्या, पापणी ओढायच्या आणि तोच प्रश्न विचारायच्या. एकीला चुलीची माती लागायची. एक पदराच्या गाठीत कच्चे तांदूळ ठेवायची. एक राख खायची. कोपऱ्यातली, अगदीच पोरसवदा, खाली बघून म्हणाली, “चॉक.” भाच्यांच्या दप्तरातून घ्यायची. एकही बाई पटकन सांगत नव्हती, आणि नाही म्हणणारी क्वचितच. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी जागीर नव्हती, कुणाच्या पोटी धनी येणार नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईला माती खाल्ली म्हणून सासूने फुंकणीने मारलं होतं. माझ्या सासूने टोपी बाजारातून वेचून आणून दिली होती. रिपोर्टावर दोघींचं रक्त जवळपास सारखंच होतं.

रक्त चढवायचं ठरलं. रक्तपेढीने सांगितलं, घरच्यांपैकी कुणीतरी द्या, त्याच्या बदल्यात आम्ही देऊ. नवऱ्याने एकदा दिलं. आणखी लागणार होतं. लश्करातल्या कुणाकुणाला फोन चालू असताना आईसाहेब उठल्या. “माझं घ्या ना. मी काय करून राहिले आहे बसून,” म्हणाल्या. नवरा नको म्हणत होता, वय झालं आहे म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. सुनेसाठी रक्त द्यायला निघालेली फौजीच्या घरची बाई, तिला कोण थांबवणार.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. तिथे आधी बोटातून एक थेंब काढतात आणि काचेच्या पेल्यात निळं पाणी असतं त्यात सोडतात. थेंब तळाला गेला तर रक्त चांगलं, मग घेतात. आईसाहेबांचा थेंब पडला आणि वरच्या वर तरंगत राहिला. त्या वाकून बघत होत्या. तिथल्या माणसाला वाटलं काही चुकलं, त्याने दुसरा थेंब टाकला. तोही तसाच. तो म्हणाला, “माताजी, आप क्या देंगी. आपको तो ख़ुद चढ़वाना पड़ेगा.”

त्या परत येऊन माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. टोचलेल्या बोटावर कापूस दाबून धरलेला होता. रक्त कधीच थांबलं असणार, पण दुपार उलटली तरी त्यांनी तो कापूस सोडला नाही. मी विचारलं, काय झालं. “नाही बोलले,” एवढंच म्हणाल्या.

दुसरी पिशवी लागलेली असतानाच मला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सगळे धावपळ करत होते, माझं हृदय दमलंय असं कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, आणि मला फक्त एकच वाटत होतं की मी त्याला बाहेर ढकलायला पुरी पडत नाहीये. मुलगा झाला. रडला नाही. मी विचारलं तर कोणी उत्तर दिलं नाही, आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा काय असतं ते मला आई गेली त्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांनी मला दाखवला. हाताची बोटं पूर्ण होती. नखंसुद्धा होती, गव्हाच्या टरफलासारखी पातळ. सगळं होतं, फक्त रंग नव्हता.

एवढ्या लहानांना आपल्यात जाळत नाहीत. नवरा आणि एक शेजारी त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेले. जाताना आईसाहेबांनी नवऱ्याला आधी घरी पाठवून देव्हाऱ्यातली डबी घ्यायला लावली. “त्याच्यावर रिकामी करून ये,” म्हणाल्या. “सगळी.” ते ऐकून मी खाटेवर तोंड भिंतीकडे केलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट बघितली त्या धन्याला शेवटी वीतभर जमीन मिळाली, आणि ती आईसाहेबांनी स्वतःहून धाडली. माझ्या हातात सुई नसती तर मी उठून त्यांच्या अंगावर धावून गेले असते. त्या दिवशी मला त्यांचा तिरस्कार वाटला. पुढेही पुष्कळ दिवस वाटला.

घरी आले. उशाशी तो डबा परत ठेवलेला होता. सवयीने ठेवला असेल, कोणाला सुचलं नसेल. मी उघडला तर तोंडाला पाणी सुटलं. मूल मातीत ठेवून आठ दिवस झाले नव्हते आणि मला माती हवी होती. मी डबा नेऊन मोरीत उपडा केला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आईसाहेब दारात उभ्या होत्या. आम्ही त्या दिवसांत एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो, गॅस संपला, दूधवाला आला. मनात मी त्यांना घडाघडा बोलत होते. आंघोळ करताना, पोळ्या लाटताना, शाळेत पेपर तपासताना वाक्यं तयार करत होते. तुमच्या डोहाळ्यांनी माझं मूल खाल्लं, हे त्यातलं सगळ्यात बरं वाक्य होतं.

गोळ्या आता मी लिंबाच्या पाण्याबरोबर घेत होते, एकही न चुकवता. हिवाळा आला. एक दिवस शाळेतून येताना चहावाल्याकडे थांबले, चहा प्याले, कुल्हड टाकून दिलं आणि दहा पावलं पुढे आल्यावर लक्षात आलं की मी ते टाकून दिलं. परत गेले. दुसरं उचललं, हुंगलं. मातीचा वास होता, चांगला होता, आणि पुढे काही नाही. मी कितीतरी वेळ ते हातात घेऊन उभी राहिले. अंगात रक्त भरलं आणि जमिनीने बोलावणं बंद केलं, एवढं साधं होतं ते.

घरी आले तर आईसाहेब ओट्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. आता बोलायचंच, असं ठरवून मी आले होते.

“आईसाहेब, मला माती लागत नाही आता.”

त्यांनी हात थांबवला. “बिलकुल नाही?”

“बिलकुल नाही. वास आला तरी नाही.”

त्या मेथीच्या काड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला अजून लागते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“माठाची खाते कधी कधी. तू शाळेत गेलीस की. मी विचार करायचे, एकदा लागले ते डोहाळे, सवय झाली म्हणून राहिले.” मग माझ्याकडे बघितलं. “या वयात मला कशाचे डोहाळे गं?”

मी पर्स ठेवून त्यांच्या शेजारी बसले.

“तुला कोणी सांगितलं नाही, मी पण नाही सांगितलं. याच्या आधी माझी दोन गेली. एक सातव्यात. एक झाल्या झाल्या, तुझ्यासारखंच. सासूबाई बोलल्या, जमिनीने परत नेलं. मी मानलं. तिसऱ्या वेळेला हा राहिला.” त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबलं, कापूस धरावा तसं. “तो थेंब बुडलाच नाही. मी बघत होते. मला वाटलं, आता जाईल खाली, आता जाईल. माझी पण दोन... ती पण त्यानेच?”

माझ्याजवळ इतक्या दिवसांची जमवलेली वाक्यं होती. एकही उपयोगाचं नव्हतं. ‘कोण जाणे’ म्हणता आलं असतं, दुसरी कोणी म्हणालीही असती. पण त्या मला विचारत होत्या, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं, रागानेही नाही आणि दयेनेही नाही.

“बहुतेक हो,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. मेथी धुतली, कणीक मळली, पोळ्या केल्या. नवरा जेवून उठला तेव्हा नेहमीसारखं पातेलं पुढ्यात ओढून त्या तळ खरवडायला लागल्या. मी पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं. ताट घेतलं, त्यात दोन ताज्या पोळ्या, माझ्यासाठी बाजूला ठेवलेली भाजी सगळी, गुळाचा खडा आणि अर्धं लिंबू ठेवलं आणि ते त्यांच्यासमोर सरकवलं. शेजारी माझी गोळी ठेवली. उद्या तुमची आणू, रक्त तपासून घेऊ, आज ही घ्या, म्हटलं.

त्यांनी घास घेतला. गालात तसाच धरून बसल्या, मी मातीचा तुकडा धरायची तशा.

“काही चव नाही लागत गं,” म्हणाल्या.

“खा,” मी म्हटलं, आणि त्यांनी तो गिळेपर्यंत तिथून उठले नाही.